भांडवल उभारा, पण मालकी राखून

(शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उत्पादक कंपनी स्थापन झाली, चार-पाचशे सभासद झाले, दोन हंगाम खरेदी-विक्रीचा व्यवहार सुरळीत झाला, की पुढचा प्रश्न भांडवलाचा येतो. प्रतवारी यंत्र, पॅकहाऊस, शीतगृह उभारावयाचे तर खर्च कोटींच्या घरात जातो. सभासदांचे शेअर मात्र दहा-पंधरा लाखांचे असतात. बँक तारण मागते. अशा वेळी एखादा सल्लागार भेटतो आणि म्हणतो, "शेअर बाजारात जा. हल्ली लहान कंपन्याही जातात." या सल्ल्यात तथ्य किती, आणि तो मानल्यास आपल्या हातून काय जाते, याचा विचार आज करू.

कर्ज आणि शेअर यांतील फरक

कर्जाला व्याज असते आणि मुदत असते. फेड झाली की सावकाराचा किंवा बँकेचा संबंध संपतो. शेअर विकून आलेला पैसा परत करावयाचा नसतो व त्यावर व्याजही नसते. त्यामुळे तो पैसा फुकटचा वाटतो. परंतु शेअर घेणारा कायमचा भागीदार होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीचे १० रुपयांचे ३० लाख शेअर आहेत आणि वर्षाचा नफा १ कोटी रुपये आहे. म्हणजे शेअरमागे नफा सुमारे ३ रुपये ३३ पैसे. कंपनीने १० लाख नवे शेअर ६० रुपये दराने विकले. ६ कोटी रुपये आले. आता शेअर ४० लाख झाले आणि चौथा हिस्सा बाहेरच्यांचा झाला. नफा तेवढाच राहिला तर शेअरमागे अडीच रुपयेच पडतात. जुन्या भागधारकांना पूर्वीइतकाच वाटा मिळावयाचा तर नफा १ कोटी ३३ लाखांवर जायला हवा. हेच ६ कोटी १० टक्के व्याजाने घेतले असते तर पहिल्या वर्षी ६० लाख व्याज पडले असते. सुरुवातीला कर्ज महाग पडते, हे खरे. पण सात वर्षांत कर्ज फिटते. बाहेरच्याचा चौथा हिस्सा कधीच फिटत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा हितसंबंधांचा आहे. माल घालणाऱ्या शेतकऱ्याला द्राक्षाला किंवा टोमॅटोला किलोमागे दोन रुपये जास्त हवे असतात. बाहेरच्या भागधारकाला तेच दोन रुपये नफ्यात दिसायला हवे असतात. यात कोणाचे चुकते असे नाही. मात्र दोघे एका टेबलावर बसणार असतील, तर शेवटचा शब्द कोणाचा हे आधी ठरलेले असावे.

कायदा काय सांगतो

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली. आज ती २०१३ च्या कायद्यातील प्रकरण २१-अ मध्ये आहे. त्यानुसार उत्पादक कंपनी ही खासगी कंपनीसारखी असते, सभासदसंख्येला मर्यादा नसते, पण ती कोणत्याही परिस्थितीत पब्लिक लिमिटेड होऊ शकत नाही. तिचे शेअर संचालक मंडळाच्या संमतीनेच व दर्शनी किमतीलाच दुसऱ्या सक्रिय सभासदाला देता येतात. व्यक्तिगत सभासदांना शेअर कितीही असोत, मत एकच.

म्हणजे आपली उत्पादक कंपनी स्वतः शेअर बाजारात जाऊच शकत नाही. ही अडचण नसून आपल्याला घातलेले कुंपण आहे. सहकारी साखर कारखान्याचा शेअर ज्यांच्या घरात आहे त्यांना हे नवे नाही. १९५० साली प्रवरानगरला कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. तो शेअर बाजारात विकण्यासाठी नव्हता, उसासाठी होता.

उपकंपनीचा मार्ग

मग मोठे भांडवल आणावयाचे कसे? कायद्याने उत्पादक कंपनीला विशेष ठराव करून उपकंपनी काढता येते. तिच्यात किती पैसा गुंतवावा याला मर्यादा आहेत. त्या हिशेब तपासनीसाकडून समजून घ्याव्यात. प्रक्रिया व विक्रीचा व्यवसाय उपकंपनीत ठेवावयाचा आणि बाहेरचे भांडवल तेथे घ्यावयाचे, असा हा मार्ग होय.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्रीचे उदाहरण आपणास माहीत आहे. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर, आणि काढणीपश्चात व्यवसायाची वेगळी कंपनी तिच्याखाली. या दुसऱ्या कंपनीत २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या चार युरोपीय संस्थांनी सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. हा पैसा शेअर बाजारातून आला नाही. निवडक गुंतवणूकदारांशी बोलणी करून आला. बाजारात न जाताही भागभांडवल मिळू शकते, हे यावरून लक्षात घ्यावे.

लहान कंपन्यांचा बाजार

अशी उपकंपनी पब्लिक लिमिटेड करून बाजारात नेता येते. मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार या दोघांनी २०१२ मध्ये लहान कंपन्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केले. विक्रीनंतरचे भरणा झालेले भागभांडवल २५ कोटींपर्यंत असणाऱ्या कंपन्या तेथे येऊ शकतात. २०२५ मध्ये सेबीने नियम कडक केले. त्यातील मुख्य बाबी अशा :

१. मागील तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षांत दरसाल १ कोटी रुपये कार्यकारी नफा झालेला असावा.
२. अर्जदाराला २ लाख रुपयांहून अधिक रकमेचाच अर्ज करता येतो.
३. जुने भागधारक स्वतःचे शेअर विकणार असतील तर ते एकूण विक्रीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत.

याशिवाय मर्चंट बँकर नेमावा लागतो, संपूर्ण विक्रीची हमी घ्यावी लागते आणि पुढे तीन वर्षे शेअरच्या खरेदी-विक्रीचे भाव देत राहणारा दलाल ठेवावा लागतो. वकील, लेखापरीक्षक, नोंदणी, जाहिरात हा खर्च वेगळा. विक्री फसली तरी यातील बराचसा खर्च होऊन जातो.

दुसऱ्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. पाच-दहा हजार रुपये घालू शकणारा आपला सभासद या विक्रीत अर्जच करू शकत नाही. म्हणजे शेअर गावात राहणार नाहीत, शहरातल्या गुंतवणूकदाराकडे जाणार.

पैसा कोणाला मिळतो?

खुली विक्री झाली म्हणजे कंपनीला पैसा मिळालाच असे नाही. नाशिकच्या सुला व्हिनयार्ड्सची विक्री डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ९६० कोटींची झाली. ती मोठ्या बाजारातली होती आणि संपूर्णपणे जुन्या भागधारकांच्या शेअरची होती. पैसा विकणाऱ्यांना मिळाला, कंपनीच्या तिजोरीत भर पडली नाही. यात गैर काही नाही. माहितीपत्रकात तसे लिहिलेलेच होते. मात्र कोणतेही माहितीपत्रक हाती आले की नवे शेअर किती आणि जुने किती, हे प्रथम पाहावे.

आयर्लंडमधील केरीचा अनुभव

शेतकऱ्यांची संस्था बाजारात गेल्यावर पुढे काय होते, हे पाहण्यास आयर्लंडच्या केरी परगण्यातील दूध संघ उपयोगी आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या सहकारी संघाने १९८६ मध्ये आपला व्यवसाय केरी ग्रुप या नव्या कंपनीकडे दिला आणि ती कंपनी बाजारात आणली. संघाने स्वतःकडे किमान ५१ टक्के हिस्सा राहील असा नियम केला होता.

भांडवल मिळाले, कंपनीने देशोदेशी कारखाने घेतले आणि अन्नघटकांच्या व्यवसायात जगात नाव मिळविले. ज्या शेतकऱ्यांनी शेअर सांभाळले त्यांची किंमत अनेक पटींनी वाढली. ही बाजू नाकारता येणार नाही. परंतु विस्तारासाठी आणखी शेअर काढावयाचे तर ५१ टक्क्यांचे कुंपण आड येऊ लागले. १९९६ मध्ये सभासदांनी ते ३९ टक्क्यांवर आणले आणि हिस्सा पुढेही घटत गेला. दुधाच्या भावावरून पुरवठादार आणि कंपनी यांच्यात अनेक वर्षे वाद चालला. संघाच्या भागधारकांतही दूध न घालणारे वाढले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सभासदांनी मतदान करून आयर्लंडमधील दूध व्यवसाय कंपनीकडून परत विकत घेण्याचा निर्णय केला. किंमत ठरली ५० कोटी युरो, पहिल्या टप्प्यात ७० टक्के हिस्सा.

जो दूधधंदा १९८६ मध्ये आपला होता तो ३८ वर्षांनी पैसे मोजून परत घ्यावा लागला. शेअर वाढले म्हणून हा व्यवहार तोट्याचा म्हणता येत नाही. पण शेअरची किंमत आणि दुधाचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून शिकावे.

गावात शेअर विकताना सावधान

उत्पादक कंपनीने आपल्या सभासदांकडून शेअरची रक्कम घेणे कायदेशीर आहे. पण उपकंपनीचे पावतीपुस्तक घेऊन गावोगाव शेअर विकणे ही वेगळी गोष्ट आहे. खासगी रीतीने एका आर्थिक वर्षात सर्वसाधारणपणे २०० पेक्षा जास्त व्यक्तींना शेअर देऊ केले तर कायदा ती जाहीर विक्री मानतो आणि त्याची जबाबदारी संचालकांवर येते. १९९० नंतरच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांनी लोकांचा पैसा कसा बुडविला, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. चांगल्या हेतूने जमविलेला पैसाही नियमाबाहेर असेल तर अडचणीत आणतो.

काय करावे

१. प्रथम सभासदांचे शेअर वाढवावेत. केंद्राच्या २०२० च्या योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व कंपनीमागे १५ लाखांपर्यंत जोड भागभांडवल ठरविले होते. आपली कंपनी पात्र आहे का, याची चौकशी करावी.
२. पॅकहाऊस, गोदाम यांसाठी २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत ठेवण्यात आली. नवीन अर्ज घेतले जातात का, हे बँकेत विचारावे.
३. दर महिन्याचा हिशेब वेळेवर पूर्ण करावा. तीन वर्षांचे स्वच्छ ताळेबंद नसतील तर बँक काय आणि गुंतवणूकदार काय, कोणीच उभे करणार नाही.
४. बाहेरचे भांडवल घ्यावयाचेच असेल तर उपकंपनीत घ्यावे आणि निम्म्याहून अधिक मते उत्पादक कंपनीकडे राहतील असे पाहावे.
५. माल खरेदीचा भाव कसा ठरेल, याचा लेखी करार पैसा येण्यापूर्वी करावा. पैसा आल्यावर तो करार शेतकऱ्याच्या बाजूने होणे कठीण.
६. पैसा कशासाठी, किती व कधी लागणार, हे कागदावर मांडून आमसभेत वाचून दाखवावे. सभासदाला जे समजत नाही, त्यावर त्याचा अंगठा किंवा सही घेऊ नये.

शेअर बाजार हे भांडवलाचे एक साधन आहे. नफ्याचा धंदा मोठा करावयाचा असेल तेव्हा ते उपयोगी पडते. तोट्यातला धंदा सावरण्यास पडत नाही. जमीन विकताना आपण चारदा विचार करतो, सातबारा तपासतो, घरातल्या सर्वांना विचारतो. कंपनीचा हिस्सा विकतानाही तेवढीच काळजी घ्यावी.