‘पित्त झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘अ‍ॅसिडिटी’. मी डॉक्टर नव्हे. एका मोठ्या रुग्णालयात पोटाच्या दुर्बीण-तपासणीच्या खोलीत एकोणीस वर्षे परिचारिका होते. तेथे जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे शिकले तेवढेच सांगणार आहे. औषधांची नावे उतरून घेण्यासाठी कोणी वही आणली असेल तर ती खुशाल मिटून ठेवावी. मला बोलावयाचे आहे ते निदानाविषयी.

आपल्या घरांतून ‘पित्त’ हा फार सोयीचा शब्द आहे. डोके ठणकून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, छातीत जळजळले की पित्त, आणि एकादशीच्या साबुदाण्याने मळमळले तरी पित्तच! यांतील पहिली बहुधा अर्धशिशी असते, दुसरी बहुधा अ‍ॅलर्जी, आणि आजच्या विषयाशी खरा संबंध तिसऱ्या तक्रारीचा. पण तपासणीला आलेल्या बाईला डॉक्टरांनी “काय होतं?” म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले, “पित्ताचा त्रास आहे.” बाईने स्वतःच निदान सांगून टाकल्यावर डॉक्टरांनी काय करावे? त्यांना हवे असते वर्णन. जळजळ कोठून कोठे चढते, जेवणानंतर किती वेळाने, वाकून फरशी पुसताना किंवा आडवे होताच वाढते का, तोंडात आंबट पाणी येते का, रात्री खोकल्याने जाग येते का, घास अडकतो का. एवढे नीट सांगितले तर निदानाचे अर्धे काम दवाखान्यातल्या खुर्चीवरच होते.

आता आतली रचना थोडक्यात सांगते. अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची नळी. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. त्यातल्या भोकातून ही नळी खाली उतरते आणि जठराला मिळते. त्या सांध्यापाशी बटव्याच्या नाडीसारखे एक स्नायूंचे कडे असते. घास खाली गेला की ते आवळते, आणि पडदाही त्याला बाहेरून आधार देतो. वयाने, वजनाने, पोटावर वारंवार ताण पडल्याने पडद्याचे भोक सैलावले, की जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. यालाच हायटस हर्निया म्हणतात. मग आम्ल वर येणे सोपे होते. जठराचे अस्तर आम्ल सोसते, अन्ननलिकेचे सोसत नाही.

हर्निया आणि आम्ल वर येणे या दोहोंची सांगड इंग्लंडातील शल्यविशारद फिलिप अ‍ॅलिसन यांनी 1951 साली स्पष्टपणे मांडली. पुढे कळले की हर्निया असूनही काडीचा त्रास नसलेली माणसे पुष्कळ, आणि हर्निया नसताना जळजळीने हैराण झालेलीही पुष्कळ. म्हणून अहवालात ‘लहान हायटस हर्निया’ एवढे वाचून घाबरू नये. तेवढ्यावरून कोणी शस्त्रक्रियेला नेत नाही.

मात्र सर्वांआधी एक गोष्ट. छातीतले दुखणे प्रथम हृदयाचे नाही ना, हे पाहावयाचे असते. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसती धाप, मळमळ, घाम, पाठीत किंवा जबड्यात कळ अशा आडवाटेनेही येतो. मग घरात कोणीतरी ओवा-सोडा देते आणि मोलाचे तास निघून जातात. असे अचानक झाले, चालताना दडपण येऊ लागले, तर आधी हृदयाचा आलेख काढावयाचा. पित्ताचे मग पाहू.

हृदय ठीक असेल, तक्रार नेहमीची जळजळीची असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर डॉक्टर सुमारे आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी देऊन पाहतात. हीही एक परीक्षाच. पण गोळीने बरे वाटले म्हणजे निदान पक्के झाले असे नव्हे. जठरातल्या व्रणालाही तिने उतार पडतो, आणि क्वचित कर्करोगाची तक्रारही काही दिवस झाकली जाते. तेव्हा शेजारणीची गोळी आपण वर्षानुवर्षे घेणे मला मुळीच पसंत नाही. घास अडकणे, वजन उतरणे, सारख्या उलट्या, काळी शौच, रक्त कमी होणे, यांपैकी काही असेल तर गोळीची परीक्षा न पाहता दुर्बीण करावयाची.

रक्त कमी होण्याविषयी थोडे अधिक बोलते, कारण ते आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. सत्तरीच्या एक आजी आमच्याकडे आल्या. हिमोग्लोबिन सात. तीन वर्षे लोहाच्या गोळ्या चालू होत्या. पाळी जाऊन वीस वर्षे झालेली, मग रक्त जाते कोठे, हा प्रश्न घरात कोणालाच पडला नव्हता. ‘वय झालं, थकणारच,’ एवढ्यावर भागले होते. दुर्बिणीत मोठा हायटस हर्निया निघाला, आणि पडद्याच्या कडेशी जठर घासून लांबट ओरखडे पडलेले. त्यांतून थेंब थेंब रक्त जात होते. जळजळीची त्यांची तक्रार कधीच नव्हती!

हिर्शोविट्झ यांनी 1957 साली वाकणारी दुर्बीण प्रचारात आणली, तेव्हापासून हे सारे डोळ्यांनी पाहता येऊ लागले. तरी जळजळ असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांची अन्ननलिका दुर्बिणीत स्वच्छ दिसते. “काहीच निघालं नाही, म्हणजे हिचं नाटक,” असे एका नवऱ्याने माझ्यादेखत म्हटले होते. अशा वेळी मोठ्या शहरांत आणखी एक तपासणी होते. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल मोजतात. दिवसाच्या 6 टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे सुमारे 86 मिनिटांहून अधिक, अन्ननलिका आम्लात असेल तर रोग सिद्ध झाला. 4 टक्क्यांच्या आत असेल तर दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावयाचे. बेरियम पिऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रांत हर्नियाचा आकार कळतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर नळीच्या स्नायूंचा जोरही मोजून घेतात, कारण घास अडकणे कधी कधी निराळ्याच रोगाचे असते.

दुर्बीण दुखते का, असे मघाशी एकीने हळूच विचारले. दुखत नाही, पण उमळते. घशात कडू फवारा मारून तो बधिर करतात, डाव्या कुशीवर निजवतात, आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत आटोपते. सहा ते आठ तास पोट रिकामे हवे, चहासुद्धा नको. चालू असलेली गोळी आधी काही दिवस थांबवावी काय, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. कवळी असल्यास काढून द्यावी. भूल घेणार असाल तर कोणीतरी बरोबर असू द्या. आणि घशाचा बधिरपणा जाईपर्यंत घोटभर पाणीही पिऊ नका, ठसका लागतो.