'एस्केप' म्हणजे नुसतं पळणं नव्हे



मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो, भाषेचा अभ्यासक नाही. आमच्या धंद्यात 'एस्केप' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो आणि तिथे कुणीच कुठे पळत नसतं. म्हणून एकदा शब्दकोश उघडला आणि मग त्यातच अडकलो.

शब्द लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'कप्पा' म्हणजे अंगावरचा झगा. पाठलाग करणाऱ्याने झगा धरला, माणूस आतून निसटला, धरणाऱ्याच्या हाती नुसतं कापड राहिलं. 'केप' आणि 'कॅप' याच घराण्यातले. आपल्याकडे कापडाऐवजी धान्य हातात येतं. हातावर तुरी देऊन पळाला, म्हणतो ना आपण?

मराठीत पळण्याला तोटाच नाही. धूम ठोकणे, पोबारा करणे, गुंगारा देणे, पसार होणे, काढता पाय घेणे, परागंदा होणे. इंग्रजीत एकटा 'एस्केप' यातल्या बहुतेकांचं काम करतो. शिवाय गॅस गळला तरी 'एस्केप', एखाद्याचं नाव आठवेना तरी 'एस्केप', कंटाळून दोन दिवस महाबळेश्वरला गेलो तरी 'एस्केप'. मराठीत मात्र बोलणाऱ्याला शब्द निवडावा लागतो, आणि निवडला की तो कुठे उभा आहे ते कळतं. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यातून निघाले. इंग्रजी पुस्तकांत ते 'एस्केप' आहे. मराठी शाळेतलं कुठलंही पोर सांगेल, 'आग्र्याहून सुटका'. तिथे 'पलायन' म्हणून बघा! मोगल दरबाराच्या दृष्टीने मात्र नजरकैदेतला माणूस पळालाच होता.

महाराजांच्या जागी पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपला, असं बखरी सांगतात. हे ऐकताना तुमच्यातल्या अनेकांना दुसरा एक बिछाना आठवला असेल. इसवी सन ६२२, मक्का. सीरतच्या ग्रंथांत येतं की पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जिवावर टपलेले लोक घराबाहेर होते आणि आत त्यांच्या बिछान्यावर, त्यांचीच चादर अंगावर घेऊन हजरत अली (रजि.) झोपले होते. म्हणजे झगा मागे राहिला आणि माणूस निघाला. 'एस्केप'ची व्युत्पत्ती जशीच्या तशी.

तरीही मी हिजरतला 'एस्केप' म्हणणार नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तिचं भाषांतर 'फ्लाइट', म्हणजे पलायन, असं सर्रास सापडतं. अरबीत ह-ज-र या धातूचा अर्थ सोडणं, संबंध तोडणं असा आहे. पण धातूपेक्षा मला एक साधा तपशील जास्त पटतो. हजरत अली यांना मागे ठेवण्याचं आणखी एक कारण सीरतमध्ये दिलेलं आहे. मक्केतल्या लोकांनी पैगंबरांकडे विश्वासाने ठेवलेल्या अमानती परत करायच्या होत्या. ज्या शहरात जिवावर उठलेले लोक आहेत, त्याच शहरातल्या ठेवी ज्याच्या त्याला पोचवायच्या, आणि त्यासाठी घरचा माणूस मागे ठेवायचा. पळणारा हिशेब चुकते करून जातो का? पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात सन मोजायला आरंभ धरला तो याच प्रवासाचा.

आता आमच्या धंद्यातला 'एस्केप'. संगणकाला काही चिन्हं हुकमासारखी वाटतात. इंग्रजीत डिसूझा लिहिताना 'डी'नंतर वर एक छोटं अवतरण चिन्ह येतं. कच्च्या प्रोग्रामला वाटतं मजकूर इथेच संपला आणि पुढे आज्ञा सुरू झाली. फॉर्म अडकतो, माणसाला स्वतःचं नाव भरता येत नाही. मग आम्ही ते चिन्ह 'एस्केप' करतो. अनेक भाषांमध्ये त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ देतात. रेघेचा अर्थ असा, की पुढच्या चिन्हाला तुझा नेहमीचा अर्थ चिकटवू नकोस, ते जे आहे तेच वाच. इथे सुटका होते ती लादलेल्या अर्थातून.

कच्चे प्रोग्राम फक्त संगणकात नसतात. भाड्याचं घर बघताना फोनवर सगळं ठरतं, आणि मग नाव विचारतात. नाव ऐकल्यावर पलीकडे जो थांबा येतो तो तुम्हाला माहीत आहे. (१९४१च्या जानेवारीत सुभाषबाबू इंग्रजांच्या पहाऱ्यातून कलकत्त्याबाहेर पडले ते मुहम्मद झियाउद्दीन या नावाने, विमा कंपनीचा माणूस बनून. तेव्हा हे नाव पांघरून देश ओलांडता आला. आज घरमालकाचा उंबरा ओलांडताना पंचाईत.)

अशा नावाशेजारी बातमीत एक शब्द हमखास हुकमासारखा चालतो, तो म्हणजे 'फरार'. मूळ अरबी, अर्थ पळणं. मराठीत येऊन तो निकाल झाला. सकाळी गुन्हा नोंदवला, संध्याकाळी पोलीस घरी गेले, मुलगा नानीकडे होता, रात्री बातमी आली की आरोपी फरार. कायद्यात इतकं सोपं नाही. वॉरंट निघालेला माणूस पळालाय किंवा लपतोय असं न्यायालयाला सकारण वाटलं, तर न्यायालय लेखी उद्घोषणा काढतं आणि हजर व्हायला किमान ३० दिवस देतं. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४ आहे. उलट बाजूही सांगतो. नाव आलं म्हणून खरंच लपून बसलात, तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तेव्हा पहिला फोन वकिलाला. आणि 'पोलिसांना अजून सापडलेला नाही' असं लिहायला मराठीत काहीच अडचण नाही. शब्द चार जास्त लागतात, एवढंच.

आता मोबाईल काढा. या आठवड्यातल्या मराठी बातम्यांत 'फरार' शोधा आणि किती ठिकाणी न्यायालयाचा उल्लेख आहे ते मोजा. दहा मिनिटं देतो. मग चहा, आणि तुमचे प्रश्न.