प्रकाशाची कळ आणि पाण्याचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिवाजीनगर, बेंगळूरु येथे दिलेले भाषण)



लेखापरीक्षणात उभी हयात घालविलेल्या एका बी.ए. माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, हे धाडसच होय. त्याला कारण माझी पुतणी. ती रसायनशास्त्रात संशोधन करते; पण परीक्षानळीला हात लावीत नाही, दिवसभर संगणकावर गणिते करते. ‘हे कसले रसायन?’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी तिला अनेकदा ऐकविले. त्यांत मीही होतो.

तिचा विषय असा. काही रेणू प्रकाशाने आकार बदलतात. आपल्या डोळ्यांतील रेटिनल त्यांपैकीच. प्रकाश पडताच त्याचा वाकडा रेणू सरळ होतो आणि तेथून दृष्टीचा आरंभ होतो. अझोबेन्झीनचे उलट आहे. ते जंबुपार किरणांनी वाकते. जपानच्या सेइजी शिंकाई यांनी १९८० च्या सुमारास त्याच्या दोन्ही टोकांना क्राऊन ईथरची एकेक कडी जोडली. रेणू वाकला की फुलपाखराने पंख मिटावेत तशा कड्या जवळ येऊन पोटॅशियमचा आयन मध्ये धरतात. उलगडला की पकड सैल होते. (क्राऊन ईथरचे जनक चार्ल्स पेडरसन यांना १९८७ चे नोबेल मिळाले. त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती; आम्हां बी.ए. मंडळींना तेवढाच दिलासा!)

कोणता आयन कोठे ओढला जाईल, याचा अंदाज गणितानेही बांधता येतो. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांनी रेणूंभोवतीच्या विद्युत-विभवाचा अभ्यास केला, तो याच वाटेवरचा. हे हिशेब अवाढव्य असतात. आपल्या येथील भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक आला. त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा ‘परम ८०००’.

परंतु कागदावरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही, तर आम्ही हिशेबनीसालाच धारेवर धरतो. म्हणून मी पुतणीला विचारले, ‘तुझे चुकले तर कळते कसे?’ तिने एक जुने प्रकरण सांगितले. सहा ऑक्सिजनांची कडी पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियमला घट्ट धरते, हे प्रयोगाने ठाऊक होते. १९९४ साली अमेरिकेतील ग्लेंडेनिंग, फेलर आणि थॉम्प्सन यांनी गणित मांडले, तर निर्वातात सोडियमच सरस! बेरीज चुकली नव्हती. पाण्याची नोंद राहिली होती. सोडियमला पाण्यापासून सोडविण्यास मोलमागे सुमारे ३६५ किलोज्यूल लागतात, पोटॅशियमला सुमारे २९५. कडीत शिरण्यापूर्वी हे देणे चुकवावे लागते. पाण्याचे मोजके रेणू हिशेबात घेताच पारडे पोटॅशियमकडे झुकले.

राहिलेली नोंद शोधणे हाच माझाही जन्माचा व्यवसाय. त्या दिवसापासून मी परीक्षानळीची चौकशी सोडली. ती घरी आली की विचारतो, ‘पाणी धरलेस का?’ बहुधा ती हो म्हणते. मागे एकदा क्षणभर गप्प राहिली, ताट अर्धवट टाकून उठली आणि शिवाजीनगरच्या स्टँडवरून शेवटची बस धरून परत गेली.