साहेब आणि सातबारा



मघाशी माझी ओळख 'साहेब' म्हणून करून दिली गेली. महसूल खात्यात 32 वर्षं काढली, म्हणून त्या शब्दाविषयीच थोडं बोलतो.

पूर्वी गावाचं दप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असे. जुन्या मुंबई राज्यात 1951 साली कुलकर्णी वतनं गेली, पगारी तलाठी आले. पण दप्तराचा धाक तसाच राहिला. उताऱ्यासाठी चार खेपा घालायच्या, 'साहेब फिरतीवर आहेत' ऐकून परत यायचं. ज्याच्याकडे कागद, तो साहेब. मग 2005 साली माहितीचा अधिकार आला, 2015 साली आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क कायदा. आज डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर मिळतो. बरंच झालं.

मग आमच्या लोकांना काम काय उरलं? खरं काम तेच. नवरा गेलेल्या बाईचं नाव भावकी वारसांत सांगतच नाही. अर्जात नसलेलं नाव संगणक कुठून आणणार? तलाठ्यानं गावात जाऊन विचारावं लागतं, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित करण्याआधी खात्री करावी लागते. पण एकेका तलाठ्याकडे अनेक गावं, वर निवडणूक, पंचनामे. घाईत पहिली गळते ती ही चौकशीच. मला काळजी याची वाटते.

आणि हो, तुमच्यापैकी काहींचे फोन अजून येतात, 'तिथं कुणी ओळखीचं आहे का रे?' ओळख कशाला? अर्जाची पोच घ्या, मुदत टळली तर अपील करा. जाताना गावातल्या तशा एखाद्या बाईलाही सोबत न्या. पोच मागायची असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.