सायकलचं उडालेलं जर्मन उजळताना

आमच्या गटाने गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून गिअरच्या सहा सायकली आणल्या. मुलींची शाळा पाच किलोमीटरवर, आणि नव्या सायकलीचे पैसे प्रत्येक घरात नसतात. दुरुस्त करून हप्त्याने द्यायच्या असं बैठकीत ठरलं. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकच्या तारा गावातल्या सायकलवाल्या भाऊंनी बदलल्या. राहिला तो अवतार. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, ब्रेकचे लिव्हर, सीटची नळी, सगळं एके काळी काळं कुळकुळीत असणार. आता जागोजाग पांढुरके चट्टे. सातवीतल्या एका मुलीने तर बघून नाकच मुरडलं.

आम्हाला वाटलं, रंगच आहे. थिनरने पुसत बसलो. दोन बाटल्या संपल्या, काही हललं नाही. हलणारही नव्हतं, कारण तो रंग नव्हेच. ॲल्युमिनियम, म्हणजे आपण जर्मन म्हणतो ते, आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की त्याच्याच अंगावर कडक थर चढतो. थराला बारीक छिद्रं असतात, त्यात रंग मुरवतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात. घरातला काळा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर आठवा, तीच जात. हा थर इतका कठीण की नुसता पॉलिश पेपर घासून हात दुखतात, थर तसाच.

थर आहे की गेला हे कळायला सोपी युक्ती आहे. बॅटरीचा सेल, छोटा बल्ब आणि वायर जोडा. वायरची दोन टोकं भागावर अलगद टेकवा. थर असेल तर बल्ब लागत नाही, त्यातून वीज जात नाही. उघड्या जर्मनवर लगेच लागतो. त्याआधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते लोखंड. पुढचं त्याच्यासाठी नाही.

थर निघतो कॉस्टिक सोड्याने. साबण करणाऱ्या गटांना तो माहीत आहे, पण साबणाची सवय इथे दगा देते. आमच्यातल्या एका मावशींनी हाताला लागेल ते पातेलं घेतलं, आणि ते होतं जर्मनचं. पाच मिनिटांत फसफसून वर आलं, पातेलं चटका बसेल एवढं तापलं, आणि तळाला भोक. फेस मावशींच्या मनगटावर उडाला. नळाखाली हात धरून बसवलं, मग दवाखान्यात नेलं. डाग अजून आहे. सोडा जर्मनच खातो, मग भांडं सोडेल कसा!

म्हणून आता प्लास्टिकची बादली, आणि काम अंगणात. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलट कधीच करायचं नाही, सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर येतं. एक लिटरला दोन मोठे चमचे पुरतात. रबरी हातमोजे, लांब बाह्या, फवारणीचा चष्मा, पदर खोचलेला. लेकरं आणि कोंबड्या लांब. बुडबुड्यातून निघतो तो हायड्रोजन, पेटणारा. जवळ चूल नको, उदबत्तीही नको. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टर.

भाग सुटा करून, तेल-वंगण साबणाने धुवून मगच बुडवा. सुरुवातीला शांत असतं. बुडबुडे जोरात आले की थर गेला, उघडं जर्मन लागलं. तेव्हा लगेच बाहेर काढा. वर काळी राख दिसेल, भरपूर पाण्यात काथ्याने घासली की जाते. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.

मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून: 320, 600, 1000, शेवटी 2000. आधीच्या पेपरचे ओरखडे पुसल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. इथे सगळ्या घाई करतात, आम्हीही केली. शेवटी ब्रासो आणि जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. कापड काळं होत जातं, घाबरू नका.

याच घासण्यात तिसऱ्या सायकलीच्या क्रँकवर, पायडल बसतं त्या भोकाच्या कडेला, केसाएवढी रेघ दिसली. आधी ओरखडा समजून अजून घासली. जाईना. भाऊंना दाखवलं, ते म्हणाले, तडा आहे, चढावर जोर लावताना तुटेल. पोर रस्त्यावर पडली असती. तो क्रँक भंगारात गेला, त्या सायकलीला दुसरा घेतला आणि तिचा हप्ता वाढला. आईला कारण दाखवून सांगितलं, ती काही बोलली नाही. तेव्हापासून आम्ही चकाकी नंतर बघतो, आधी भोकांच्या कडा आणि वळणं बोटाने चाचपतो.

रिमच्या ज्या पट्टीवर ब्रेकचं रबर घासतं, तिला मात्र पॉलिश लावू नका, ब्रेक लागणार नाही. चेनच्या चकतीलाही हात लावत नाही. तिचा थर झीज थांबवतो.

उघडं जर्मन पावसाळ्यात मंद पडतं. नाक मुरडणाऱ्या त्याच मुलीने एक सायकल घेतली. महिन्यातून एकदा ती ओट्यावर बसून लिव्हर पुसते, आणि ब्रासोची डबी आमच्याकडूनच मागून नेते, परत आणत नाही.