मोदकपात्र आणि वेळूची करंडी

पवनेच्या कांठचें चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळें सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत येथून मंगलमूर्तीची पालखी मोरगांवास जाते. आणि गणपति म्हटला कीं मोदक ओघानेंच आला. याच गांवाच्या आसमंतांत, वाकड, पिंपळे सौदागर, निगडी अशा उपनगरांतील उपाहारगृहांतून, अलीकडे वाफेवर शिजविलेले चिनी पदार्थ मिळूं लागले आहेत. त्यांस ‘डिम सम’ असें म्हणतात. वरवर पाहतां मंगलमूर्तीचा मोदक आणि चिनी करंडींतील हे पदार्थ यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें कोणास वाटणार नाहीं. तो संबंध कोणता, आणि त्यापासून सुशिक्षित मराठी कुटुंबानें काय घ्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चिनी पदार्थ या भागांत कसे आले हें कळण्यास येथील वस्तीचा इतिहास थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या टापूंत यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९८२ सालीं येथें महानगरपालिका आली. पुढें उद्योग चाकणकडे सरकले. ज्या चाकणच्या किल्ल्यावर १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाहिस्तेखानाच्या फौजेस दीर्घकाळ अडवून धरिलें, त्याच चाकणच्या माळावर २००९ सालीं जर्मन मोटारींचे कारखाने चालूं झाले. जपानी आणि कोरियन मंडळी आली. अवजड यंत्रें करणारा एक चिनी कारखानाही तेथें उभा राहिला. जेथें परदेशचा अभियंता येतो तेथें त्याच्या जेवणाची सोय मागोमाग येते, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर हळूहळू स्थानिक कुटुंबही येऊन बसतें. चाकणच्या कांद्यास जशी देशोदेशींची बाजारपेठ मिळाली, तशीच देशोदेशींच्या स्वयंपाकास येथें जागा मिळाली.

‘डिम सम’ हा क्वांगतुंग प्रांतांतील बोलीचा उच्चार आहे. त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘हृदयास केलेला हलका स्पर्श’ असा घेतात. भूक भागविण्यासाठीं नव्हे, तर मनास तृप्ति देण्यासाठीं घ्यावयाचा लहानसा घास, असा त्याचा भाव. मराठींत ‘तोंडांत टाकावयास कांहींतरी’ म्हणतात, त्याच्या जवळचा. हे पदार्थ मूळ चहाच्या दुकानांतले होत. दक्षिण चीनमध्यें त्या जेवणास ‘याम छा’ म्हणजे ‘चहा पिणें’ असेंच नांव आहे. म्हणजे तेथें चहा हा मुख्य आणि खाणें हें त्याच्या सोबतीला. मराठींतील ‘चहा’ हा शब्दही मूळचा त्याच देशाचा.

आतां या पदार्थांच्या घडणीकडे वळावें. त्यांत सर्वांत नांवाजलेला म्हणजे कोळंबीचें सारण घातलेला ‘हार गाव’. त्याची पारी इतकी पातळ व नितळ असते कीं आंतील सारणाचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. ही पारी साध्या कणकेची नसते. ती गव्हाच्या सत्त्वाची असते, आणि त्यांत लवचिकपणासाठीं टॅपिओकाच्या कंदाचें सत्त्व मिसळतात. हीं नांवें परकीं वाटतील. पण गहूं तीन दिवस भिजवून, वांटून, गाळून जो पांढरा शुभ्र चीक कुरडयांसाठीं काढितात, तो बव्हंशीं हेंच गव्हाचें सत्त्व होय. आणि ज्या कंदाचें सत्त्व त्यांत पडतें, त्याच कंदापासून आपल्याकडील उपासाचा साबूदाणा होतो. चैत्र-वैशाखांत कुरडया घालणाऱ्या आणि एकादशीस खिचडी करणाऱ्या घरांत चिनी पारीचें सर्व साहित्य पिढ्यान् पिढ्या नांदत आलें आहे.

कृतीही तीच. गव्हाच्या कणकेंत एक चिवट द्रव्य असतें. त्यामुळें थंड पाण्यांत भिजविली तरी ती ताणली जाते व तुटत नाहीं. गाळून घेतलेल्या सत्त्वांत तें द्रव्य उरत नाहीं, आणि तांदळाच्या पिठांत तें मुळींच नसतें. अशा पिठास एकत्र बांधावयाचें तर उकळतें पाणी हाच उपाय. कढत पाण्यानें पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि एकमेकांस धरून राहतात. तांदळाची उकड काढणारी गृहिणी, ज्वारीच्या भाकरीस आधणाचें पाणी घेणारी शेतकरीण आणि हार गावची पारी लाटणारा चिनी आचारी हीं तिघेंही नकळत एकच शास्त्र आचरीत आहेत. उकड गरम असतांनाच मळावी, पारी कडेला पातळ व मध्यें किंचित् जाड ठेवावी, कळ्या जवळजवळ घालाव्या, वाफ जोराची परंतु थोडा वेळच द्यावी, हे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. मोदकाच्या कळ्या वर टोंकाशीं मिळतात आणि हार गावच्या निऱ्या एका बाजूस पंख्यासारख्या पडतात, एवढाच काय तो भेद.

हें साम्य एका पदार्थापुरतें नाहीं. मुळा किसून तांदळाच्या पिठांत घालावा, वाफवावा, थंड झाल्यावर वड्या पाडून तेलावर परताव्या, असा एक चिनी पदार्थ आहे. कोथिंबिरीची वडी करणाऱ्या घरास त्याची कृति वेगळी सांगावयास नको. चिकट तांदूळ कमळाच्या पानांत बांधून उकडतात. इकडे पातोळ्या हळदीच्या पानांत होतात. पानाचा सुवास वाफेबरोबर अन्नांत उतरावा, हा हेतु उभयतांचा एकच. करंडी मात्र निराळी. मराठी मोदकपात्र तांब्यापितळेचें किंवा ॲल्युमिनियमचें. चिनी करंडी वेळूच्या कामट्यांची. वेळू वाफेचें पाणी शोषून घेतो, म्हणून झांकणावरील थेंब पदार्थावर पडत नाहींत. मोदकपात्राच्या झांकणास आंतून फडकें बांधणारी आजी हेंच साधीत असे.

येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. रस्त्याच्या कडेच्या लाल गाडीवर जें ‘चायनीज’ म्हणून मिळतें तें आणि हें एक नव्हे. ती गाडी हा भारताचाच एक पदार्थसंप्रदाय आहे. कलकत्त्यांत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनीं त्याचा पाया घातला. आणि कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वांग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबांत ‘चिकन मंच्युरियन’ प्रथम केलें, असें ते सांगत. मंच्युरिया प्रांतास त्या पदार्थाची वार्ताही नाहीं. ‘शेजवान’ चटणीचेंही तसेंच. ज्या सेच्वान प्रांताचें नांव तिला दिलें, तेथील जिभेस मुंग्या आणणारें मिरें या चटणींत बहुधा नसतेंच. गंमत अशी कीं, त्या मिऱ्याचें सख्खें भावंड कोंकणांत आहे. बांगड्याच्या आमटींत पडणारें तिरफळ तें हेंच. गाडीवरील पदार्थ त्यामुळें कमी प्रतीचा ठरत नाहीं; परंतु ज्याचें त्याचें नांव ज्याला त्याला दिलें म्हणजे चव नीट कळते.

निगडी प्राधिकरणांतील एक कुटुंब रविवारीं दुपारीं अशा ठिकाणीं गेलें आहे, असें डोळ्यांपुढें आणावें. मुलगा, सून, कॉलेजांतील नात आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. आजींस बाहेरचें खाणें विशेष रुचत नाहीं. नातीच्या हट्टामुळें त्या आल्या आहेत. अळंब्यांच्या सारणाची करंडी पुढें येते. झांकण निघतें, वाफ वर जाते, आणि आजी एक घांस घेऊन क्षणभर थांबतात.

“अगं सूनबाई,” त्या म्हणतात, “ही तर चिकाची पारी! उकड छान मळली आहे हो.”

वाढणारा तरुण दार्जिलिंगकडचा आहे. करणारा त्याचाच गांववाला. आजी त्यास विचारतात, “बाळ, कळ्या कोण घालतो रे तुमच्यांत?” प्रश्नाचा अर्थ त्यास कळावयास थोडा वेळ लागतो, मग तो हंसून स्वयंपाकघराकडे बोट दाखवितो. नात म्हणते, “आजी, घरीं तूं शेवटचे मोदक कधीं केलेस?” याचें उत्तर कोणीच देत नाहीं, कारण गेलीं कित्येक वर्षें त्या घरीं चतुर्थीचे मोदक नग मोजून बाहेरून येत आहेत.

प्रश्न येथेंच आहे. चार कळीदार पाऱ्यांच्या एका करंडीस हें कुटुंब संतोषानें शेंकडों रुपये देतें, कारण तेथें कौशल्याचें मोल छापील पत्रकावर लिहिलेलें असतें. तेंच कौशल्य घरांत होतें तेव्हां तें कोणी मोजलें नाहीं. पहांटे उठून एकवीस मोदक वळणाऱ्या बाईस त्याचें श्रेय मिळालें नाहीं, आणि तिच्या मुलीस किंवा सुनेस तें शिकण्याची सवड मिळाली नाहीं. नोकरी करणाऱ्या सुनेस यासाठीं दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु परक्या आचाऱ्याच्या बोटांचें कौतुक करणाऱ्यानें घरच्या बोटांतील विद्या स्वतः शिकून घ्यावी, आणि त्यांत मुलगा व मुलगी असा भेद करूं नये, एवढें म्हणावयास हरकत नाहीं. त्या चिनी पद्धतीच्या स्वयंपाकघरांत कळ्या घालणारा बहुधा पुरुषच असतो, हेंही लक्षांत घ्यावें.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. चीन आणि भारत यांचे संबंध नेहमीं सुरळीत राहिलेले नाहींत. ज्या सोलापुरानें १९३८ सालीं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांस चीनच्या जखमी सैनिकांसाठीं पाठविलें, आणि ज्यांनीं १९४२ सालीं तेथेंच देह ठेविला, त्याच देशाशीं पुढें १९६२ सालीं युद्ध झालें. त्या वेळीं सुमारें ३,००० चिनी वंशाच्या लोकांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं कित्येकांचा जन्म याच देशांतला होता. १५ जून २०२० रोजीं गलवानच्या खोऱ्यांत २० भारतीय सैनिकांनीं प्राण वेंचले. तेव्हां चिनी खाद्यगृहेंच बंद करावीं अशीही मागणी निघाली. तळेगांवचा मोटार कारखाना घेण्याचा एका चिनी कंपनीचा करार त्याच वर्षीं झाला होता. तो पुढें २०२२ सालीं सुटला. कारखान्यांचे व सीमेचे निर्णय राष्ट्रानें आपलें हित पाहून घ्यावे. त्यांत भिडेस जागा नाहीं. परंतु उपाहारगृह बंद पडलें तर कोणाचें नुकसान होतें? आचारी दार्जिलिंगचा, कोबी व पातीचा कांदा इकडच्याच शेतांतला, मालक बहुधा मराठी किंवा सिंधी. आणि मुंबईच्या माझगांवांत १९१९ पासून आपलें देऊळ सांभाळून राहिलेल्या मूठभर चिनी कुटुंबांनीं कोणाचें काय केलें आहे? शत्रुत्व राष्ट्राच्या धोरणाशीं असावें. तें शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत नेऊं नये.

शेवटीं प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना. हे पदार्थ एकेकट्यानें ताट भरून घ्यावयाचे नसून सर्वांनीं वांटून खावयाचे असतात. म्हणून आरंभीं तीन-चार करंड्याच मागवाव्या, आणि त्या ऊन असतांनाच संपवाव्या. निवल्यावर पारी कडक होते. शाकाहारी मंडळींनीं केवळ सारणाची चौकशी करून थांबूं नये. पारंपरिक हार गावच्या पारींत डुकराची चरबी घालतात, आणि कांहीं रशांत कालवांचा अर्क असतो. म्हणून पारी व रस या दोहोंविषयीं स्पष्ट विचारावें. विचारण्यांत संकोच नाहीं. खऱ्या आचाऱ्यास असा प्रश्न आवडतो. चहा दुधाविना व साखरेविना घ्यावा. पहिल्या घोटास तो फिका वाटेल, पण तेलकट घासानंतर तोच तोंड स्वच्छ करितो. किटली रिकामी झाली तर हांका मारण्याची जरूर नाहीं. झांकण किंचित् कलतें करून ठेवावें, ही तिकडची खूण आहे. आणि कोणी पेल्यांत चहा ओतीत असतां दोन बोटांनीं टेबलावर हलकेच टकटक केली, कीं आभार मानले असें होतें.

पुढच्या भाद्रपदांत त्याच कुटुंबानें माळ्यावरचें मोदकपात्र खालीं काढावें. पहिल्या खेपेस पाऱ्या फाटतील, कळ्या वांकड्या होतील, कांहीं मोदक वाफेंत उकलतील. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या कराव्या, आणि आजींस शेजारीं बसवून दुसरी खेप घालावी.