वर्षभर बघू, मग ठरवू
(उत्सवात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



यशवंतपूर-मल्लेश्वरमकडची मंडळी येता-जाता टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आयआयएस्सीचे, फाटक पाहतात. १९३३ साली तिथे एक मराठी मुलगी अडली होती. कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.; वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. तरी संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी आहे!

कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. गांधीजींचा काळ, त्यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे बिघडले तर दोष कोणाचा, हे आधीच ठरलेले.

श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. रामन यांची खात्री पटली, मुलींना दार उघडले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, पण बंगळूरचा तो अपमान म्हातारपणीही विसरल्या नाहीत.

त्याच आवारात १९७४ साली हुबळीच्या सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची जाहिरात वाचली : स्त्रियांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. पुण्याला मुलाखत झाली, नोकरीही मिळाली. ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मला मात्र कमलाबाईंच्या अटी जास्त ओळखीच्या वाटतात.

कारण अशी पाटी आता कोणी लावत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतला भेदभावही बेकायदा ठरवला. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्या सुनेला ती विनातक्रार मिळाली. परतल्यावर मात्र तिचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेलेला. साहेब गोड बोलले, "घरी लहान बाळ आहे, वर्षभर हलकं काम करा, मग बघू." तिने हलके काम मागितलेच नव्हते. त्याच महिन्यात बाप झालेल्या सहकाऱ्याला पेढे मागितले, बाळाची चौकशी झाली; काम काही कोणी हलके केले नाही.

इथे कंपन्यांत वरच्या जागी असलेले पुष्कळ बंधू बसले आहेत. आरतीला अजून वेळ आहे, तेव्हा विचारते : रजेवरून परतलेल्या बाईला पहिल्या सोमवारी तुम्ही कोणते काम दिलेत, आणि देण्याआधी तिला विचारलेत का?